कॅम्पर ट्रेलरची उभारणी : हँडल हाताने फिरवावे की ड्रिल लावावे?

हुरॉनकाठ

छत वर उचलून उघडणारा छोटा कॅम्पर ट्रेलर मिशिगन आणि आसपासच्या राज्यांत राहणाऱ्या माझ्या ओळखीच्या अनेक मराठी कुटुंबांकडे आहे. तो साध्या गाडीने ओढता येतो, गॅरेजात मावतो, आणि छत वर करून दोन्ही टोकांचे बिछाने बाहेर ओढले की चार-सहा माणसांची झोपण्याची सोय होते. त्याच्या उभारणीत हँडल फिरवण्याची दोन कामे असतात. चार कोपऱ्यांवरचे स्टॅबिलायझर जॅक खाली उतरवून जमिनीला टेकवायचे असतात, आणि विंच, म्हणजे ड्रमवर केबल गुंडाळणारे यंत्र, फिरवून छत वर चढवायचे असते. बॅटरीवर चालणारे ड्रिल आता घरोघरी असल्यामुळे ही दोन्ही कामे त्यानेच उरकण्याची पद्धत रूढ झाली आहे, आणि त्यासाठी लागणारे सॉकेटही सर्रास मिळते. हे कितपत योग्य आहे, यावर सविस्तर चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे.

माझे मत आधीच मांडतो. जॅकसाठी ड्रिल अवश्य वापरावे, पण त्याचा क्लच (ठरावीक जोर आला की फिरवणे सोडून देणारा भाग) कमी ठेवावा. छताची विंच मात्र हातानेच फिरवावी, आणि छत खाली उतरवताना तर ड्रिलचा विचारही करू नये. दोन्ही ठिकाणी हँडलच फिरवायचे असल्यामुळे ही कामे सारखी वाटतात, पण जॅकवर येणारा भार आपण स्वतः ठरवतो, तर विंचवर छताचा पूर्ण भार पहिल्या फेऱ्यापासून टांगलेला असतो.

मूळ यंत्रणा कोणत्या काळातली आहे, हेही लक्षात घ्यावे. इंडियानातील मिडलबरी येथे लॉइड बॉन्ट्रेगर यांनी १९६८ साली आपल्या शेतावर जेको ही कंपनी सुरू केली, ती छत उचलण्याच्या स्वतः तयार केलेल्या यंत्रणेच्या आधारावर. त्या काळच्या अशा यंत्रणा हँडलवर माणसाचा हात असेल हे गृहीत धरूनच घडवल्या गेल्या. छताची कडी काढायची राहिली, कॅनव्हास कुठे अडकला, एखादा कोपरा मागे राहिला, तर हँडल जड होते आणि हात आपोआप थांबतो. या यंत्रणेतला भार मोजणारा एकमेव भाग म्हणजे आपला हात, आणि ड्रिल लावताच तोच भाग आपण काढून टाकतो.

रानवाटा

आपण मुद्दा नीट मांडला आहे, तरीही मी पूर्णपणे सहमत नाही. आम्ही कोलोरॅडोत राहतो. इथे उन्हाळ्यात दुपारनंतर डोंगरांवर ढग जमतात आणि विजांसह पाऊस येतो, कधी गाराही पडतात. लहान मुले गाडीत कंटाळलेली असतात, उंचीमुळे धाप लागते, आणि अशा वेळी विंच हाताने फिरवत बसण्यापेक्षा ड्रिलने छत झटपट वर करून मुलांना आत घेणे मला अधिक सुरक्षित वाटते. ड्रिल कमी वेगाच्या गियरवर ठेवून, घोडा हलक्या हाताने दाबत, छताकडे सतत पाहत काम केले तर धोका कोणता, हे कोणी नेमकेपणाने सांगावे. "यंत्रणा हातासाठी बनवली आहे" एवढे कारण मला पुरेसे वाटत नाही.

हुरॉनकाठ

रानवाटा, आपला प्रश्न रास्त आहे. यांत्रिक बाजू माझ्यापेक्षा जाणकारांनी सांगावी. वेळेबद्दल मात्र एक निरीक्षण नोंदवतो. ट्रेलर डावीकडून उजवीकडे सपाट करण्यासाठी चाकाखाली ठोकळे घालणे, चाकांना उटी लावणे, गाडीपासून ट्रेलर सोडवणे, पुढच्या जॅकने पुढची-मागची पातळी साधणे, आणि मग बिछाने ओढून कॅनव्हास ताणून बसवणे, यांतच उभारणीचा बहुतांश वेळ जातो. विंचला त्यातली थोडी मिनिटे लागतात. ड्रिलमुळे वाचतात ती त्या थोड्या मिनिटांपैकी काही.

लोखंडकाम

मी भोसरीतल्या एका यंत्रशाळेत बरीच वर्षे काम केले आणि आता ओहायोत राहतो. रानवाटा यांनी नेमके कारण विचारले आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

आधी जॅक. कात्रीसारख्या उघडणाऱ्या जॅकमध्ये आडवा पेच असतो आणि त्याच्या टोकाला साधारणपणे पाऊण इंची, म्हणजे सुमारे १९ मिलिमीटरचे षट्कोनी डोके असते. त्याचे आटे स्वतःहून मागे फिरत नाहीत, त्यामुळे भार आहे तिथेच राहतो. समजा, एका फेऱ्यात नट ५ मिलिमीटर सरकतो आणि घर्षणामुळे लावलेल्या शक्तीपैकी जेमतेम ३० टक्के उपयोगी पडते. हँडलने आपण २० ते २५ न्यूटन-मीटर इतका पिळा सहज देतो. चांगले ड्रिल ५० किंवा त्याहून अधिक देते. ५० धरले, तर पेचाच्या दांड्यावर सुमारे १९,००० न्यूटन, म्हणजे जवळजवळ २ टनांची ओढ येते. या जॅकचे काम ट्रेलर उचलण्याचे नाही. भार चाकांवरच राहायला हवा, जॅकने फक्त डुलणे थांबवायचे. एवढी ओढ कोपऱ्यात आली तर ट्रेलरची चौकट पिळली जाते, दार नीट लागत नाही, आणि अखेरीस नटाचे आटे झिजतात किंवा जॅकचे पाय वाकतात.

पण हिशेब नीट पाहिला तर ड्रिलचा पिळा हाताच्या दुपटीच्या आसपास आहे, शंभरपट नव्हे. खरा फरक वेगाचा आहे. हात मिनिटाला ४०-५० फेरे देतो, तर ड्रिल कमी गियरमध्येही ४००-५०० फेरे देऊ शकते. जॅक जमिनीला टेकल्यापासून तो अति आवळला जाईपर्यंत एखाद-दुसराच फेरा असतो. हाताला तो कळायला सेकंदभर मिळतो. ड्रिलवर तो फेरा डोळ्याची पापणी लवेपर्यंत संपलेला असतो. म्हणूनच क्लचला महत्त्व आहे. क्लच अगदी खालच्या आकड्यावर ठेवून सुरुवात करावी, रिकामा जॅक जेमतेम फिरेल इतकाच तो वाढवावा, आणि जॅक टेकताच क्लच कटकट करून सुटतो आहे याची खात्री करावी. शेवटचा पाव फेरा हँडलने द्यावा, म्हणजे चारही कोपऱ्यांवर सारखाच दाब आला की नाही हे कळते.

इम्पॅक्ट ड्रायव्हर या कामासाठी मी वापरणार नाही. त्याला क्लच नसतो. अडथळा आला की तो थांबत नाही, उलट हातोडीसारखे ठोके देऊ लागतो. मनगटाला झटका बसत नाही म्हणून तो लोकांना सोयीचा वाटतो, पण धरणाऱ्याला भार न जाणवता तो यंत्रणेवर पडत राहतो, हाच त्याचा दोष आहे.

आता विंच. छताच्या विंचला बहुधा आपोआप लागणारा ब्रेक असतो. वर चढवताना हँडलच्या पेचामुळे घर्षणाच्या चकत्या एकमेकींवर आवळल्या जातात आणि खिट्टीचा टकटक आवाज येतो. हात सोडला तरी खिट्टी दातेरी चाकाला अडवते आणि छत जागच्या जागी राहते. उतरवताना आपण हँडल उलटे फिरवून त्या चकत्या किंचित सैल करतो, छताचे वजन ड्रमला फिरवते आणि त्या पुन्हा आवळल्या जातात. प्रत्येक फेऱ्यात हेच चालू असते. याचा अर्थ असा की, छत खाली येताना त्याची बहुतेक ऊर्जा त्या लहानशा चकत्यांमध्ये आणि उरलेली पुली व नळ्यांमध्ये उष्णता होऊन जिरते.

छत २५० किलोचे आणि उंची १.२ मीटर धरा. ऊर्जा सुमारे ३ किलोज्यूल होते. हाताने मिनिटभरात उतरवले तर ती ५० वॉटच्या दराने जिरते. ड्रिलने १० सेकंदांत उतरवले तर दर ३०० वॉट होतो. अशा उष्णतेने चकत्यांचा पृष्ठभाग गुळगुळीत होत जातो आणि मग ब्रेक घसरतो किंवा चिकटून बसतो. रानवाटा यांनी विचारलेला नेमका धोका हा आहे, आणि छताकडे कितीही लक्ष देऊन पाहिले तरी तो दिसत नाही, कारण तो विंचच्या आत घडत असतो. काही उत्पादक अशा विंच फक्त हातानेच चालवाव्यात असे माहितीपत्रकात स्पष्ट लिहितात, त्याचे कारणही मला यातच दिसते.

बॅटरी पुरेल का, असेही अनेकदा विचारले जाते. ३ किलोज्यूल म्हणजे ०.८ वॉट-तास. १८ व्होल्ट, ४ अँपिअर-तासांच्या बॅटरीत ७२ वॉट-तास असतात. घर्षणातला तोटा धरूनही बॅटरी संपण्याचा प्रश्न येत नाही.

रानवाटा

लोखंडकाम, मला हवे होते ते हेच उत्तर. उतरवण्याबद्दलचा युक्तिवाद मी स्वीकारतो आणि यापुढे छत हातानेच उतरवीन. चढवताना चकत्या आवळलेल्याच राहतात आणि ब्रेकमध्ये तशी उष्णता होत नाही, हे आपल्याच वर्णनावरून दिसते. तेव्हा चढवण्याला आपला आक्षेप कोणता?

लोखंडकाम

चढवताना ब्रेकची काळजी कमी, केबलची जास्त. विंचची एक मुख्य केबल पुढे एका जोडपट्टीला जोडलेली असते, तिच्यापासून चार कोपऱ्यांकडे चार केबली जातात, आणि त्या नळ्यांमधल्या लांब स्प्रिंगांना ढकलून खांब वर करतात. छत पूर्ण वर आले की काही ट्रेलरांत एका कोपऱ्यातली तार ताणली जाते, काहींत खांबावर खूण असते. एवढीच सूचना मिळते. त्यापुढे विंच फिरवत राहिले तर छत वर जात नाही, केबल ताणत जाते आणि कधीतरी तुटते. सुरुवातीला छताच्या चारही कड्या काढल्या आहेत का, आणि शेवटी खूण आली का, या दोन क्षणी ड्रिल धोक्याचे आहे. मधला टप्पा कमी वेगाने ड्रिलवर घेतला आणि पहिले व शेवटचे फेरे हाताने दिले, तर मी आक्षेप घेणार नाही. आपल्या विंचच्या माहितीपत्रकात मोटर लावण्यास मनाई असेल, तर मात्र तेही करू नये.

हुरॉनकाठ

कड्यांचा उल्लेख आला म्हणून पाहिलेली एक गोष्ट सांगतो. मिशिगन सरोवराकाठच्या एका कॅम्पग्राउंडवर शेजारच्या जागेवरील गृहस्थांनी ड्रिल लावले तेव्हा मागच्या कोपऱ्यातली एक कडी लागलेलीच होती. तीन कोपरे वर गेले, चौथा खालीच अडकला आणि कडीची पट्टी स्क्रूंसकट उपटून आली. खांबही किंचित वाकला, आणि त्या कुटुंबाला रात्री परत जावे लागले. हँडल हातात असते तर पहिल्या दोन-तीन फेऱ्यांतच जडपणा जाणवला असता, असे मला ठामपणे वाटते.

यारानदी

मेलबर्नहून लिहीत आहे. जेको हे नाव इथेही घरोघरी माहीत आहे. इथली जेको ही वेगळी कंपनी १९७५ साली सुरू झाली आणि तिचा कारखाना मेलबर्नच्या डँडेनाँग भागात आहे. व्होल्टचा गोंधळ आधी दूर करते. अमेरिकेत ज्या ड्रिलवर २० व्होल्ट मॅक्स असे लिहितात, त्याच प्रकारचे ड्रिल इथे १८ व्होल्टचे म्हणून विकले जाते. दोन्हींत लिथियमचे पाच सेल एकामागे एक जोडलेले असतात. पूर्ण भरल्यावर प्रत्येकी ४ आणि काम करताना सरासरी ३.६ व्होल्ट धरल्यामुळे हे दोन आकडे तयार होतात. तेव्हा २० व्होल्टचे ड्रिल अधिक ताकदवान असेल, असे समजून ते मुद्दाम मागवू नये.

आमच्याकडचा खरा प्रश्न धुळीचा आहे. आतल्या भागातल्या कच्च्या रस्त्यांवरून दिवसभर प्रवास केल्यावर बारीक लाल धूळ जॅकच्या आट्यांत आणि छताच्या खांबांत जाऊन बसते. हाताने फिरवणाऱ्याला आटा करकरतो आहे हे लगेच कळते आणि तो ब्रश घेऊन साफ करतो. ड्रिल वापरणाऱ्याला काहीच कळत नाही, कारण ड्रिल ती करकर गिळून टाकते, आणि पुढे कधीतरी नट पूर्ण झिजल्यावरच दोष लक्षात येतो. म्हणून आमच्या घरात जॅकला ड्रिल चालते, पण प्रवास संपवून परत आल्यावर एकदा तरी चारही जॅक हँडलने पूर्ण खाली-वर करून पाहायचे, हा नियम आहे. उघड्या आट्यांना चिकट ग्रीस न लावता कोरडे वंगण फवारावे, म्हणजे धूळ धरत नाही. विंचच्या दातांना ग्रीस चालते, पण ब्रेकच्या चकत्यांवर तेलाचा थेंबही पडता कामा नये.

जमीन वाळूची असेल तर जॅकखाली रुंद फळी ठेवावी. फळी नसताना ड्रिलचा क्लच फसतो. जॅक वाळूत रुतत जातो, भार वाढतच नाही, म्हणून क्लच सुटत नाही आणि पेच शेवटपर्यंत निघून जातो.

शिशिरसांज

हा धागा मी मनापासून वाचला, पण सगळ्यांचा हात सारखा चालतो असे त्यात गृहीत धरलेले दिसते. माझा उजवा खांदा आखडलेला आहे. विंचचे हँडल वर नेताना हात खांद्याच्या उंचीपर्यंत जातो, आणि तेच मला अशक्य आहे. यजमान कामानिमित्त बरेचदा परगावी असतात. मुलींना घेऊन मी एकटी कॅम्पिंगला जाते, ते केवळ मोटरच्या साहाय्याने शक्य होते. हातानेच फिरवावे हा सल्ला माझ्यासारखीसाठी घरीच बसण्याचा सल्ला ठरतो. साठी-सत्तरीतली अनेक माणसे हौसेने घेतलेला ट्रेलर विकून टाकतात, त्यामागेही हेच कारण असते. त्यांच्यासाठी सुरक्षित मार्ग कोणता, हे सांगणे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

हुरॉनकाठ

शिशिरसांज ताई, आपला आक्षेप पूर्णपणे योग्य आहे, आणि त्यामुळे माझे मत मला अधिक काटेकोरपणे मांडावे लागेल. छताचा भार कोणीतरी मोजत राहिला पाहिजे, एवढाच माझा आग्रह आहे. तो हातानेच मोजावा असे नाही.

लोखंडकाम

ताई, आपल्यासाठी दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे छत उचलण्यासाठीच बनवलेली, ट्रेलरच्या १२ व्होल्ट बॅटरीवर चालणारी विद्युत विंच बसवून घेणे. ती संथ चालते आणि चढवणे-उतरवणे दोन्ही मोटरनेच होईल हे धरूनच तिचा ब्रेक बनवलेला असतो. दुसरा मार्ग वर्म गियरच्या विंचचा आहे. तिच्यात घर्षणाच्या चकत्यांऐवजी वर्म (पेचासारखा दांडा) आणि त्याचे चाक असते, आणि भार ते स्वतःच अडवते. तिचे काही प्रकार षट्कोनी टोकासह मिळतात आणि ते ड्रिलने फिरवण्यासाठीच दिलेले असते. विंच निवडताना तिची क्षमता, केबलची जाडी आणि ड्रमचा व्यास जुन्या विंचशी जुळतो का, हे जाणकार कारागिराकडून तपासून घ्यावे.

छतावर एसी असेल तर त्याचे ३५ ते ४५ किलो वजन हिशेबात धरावे. पाऊस पडून गेला असेल तर छतावर साचलेले पाणी आधी काढावे. विंच कोणतीही असो, छत वर गेल्यावर आधाराचे खांब लावल्याशिवाय मुलींना आत पाठवू नये.

ड्रिल धरण्याबद्दलही सांगतो. सॉकेट अचानक अडले तर ड्रिलचा पूर्ण पिळा मनगटावर आणि तिथून खांद्यावर येतो. आपल्या बाबतीत तो टाळलाच पाहिजे. बाजूची मूठ लावल्याशिवाय ड्रिल वापरू नये.

शिशिरसांज

मनःपूर्वक आभार. वर्म गियरबद्दल मला माहिती नव्हती. आमच्या ट्रेलरची विंच चकत्यांच्या ब्रेकची आहे. हिवाळ्यात ट्रेलर बंद असतो तेव्हाच ती बदलून घेते.

पाइनवन

दोन छोटे मुद्दे. अमेरिकेतील बहुतेक राष्ट्रीय उद्यानांच्या कॅम्पग्राउंडांत रात्री १० ते सकाळी ६ शांततेची वेळ असते, आणि यंत्रांच्या आवाजासाठी ५० फुटांवर ६० डेसिबलची मर्यादाही नियमांत आहे. जॅकवर ठोके देणारा इम्पॅक्ट ड्रायव्हर ती ओलांडू शकतो. उशिरा पोहोचणाऱ्याने हँडलच वापरावे, शेजारी झोपलेले असतात. दुसरे म्हणजे, शून्य अंशाखाली लिथियमची बॅटरी चार्ज करू नये, आणि थंडीत तिची क्षमताही घटते. त्यामुळे ड्रिल असले तरी मूळ हँडल ट्रेलरमध्ये असलेच पाहिजे, तेही ठरलेल्या जागी.

रानवाटा

मी माझी पद्धत आता अशी ठरवली आहे. चारही कड्या हाताने चाचपून काढणे, पहिले फेरे हँडलने, छत चारही बाजूंनी सारखे उचलले गेले की मधला टप्पा कमी गियरमध्ये ड्रिलने, खूण दिसू लागली की पुन्हा हँडल, आणि उतरवणे पूर्णपणे हाताने. हुरॉनकाठ यांना मधला टप्पाही मान्य नसेल याची मला कल्पना आहे. मात्र आमच्या विंचच्या माहितीपत्रकात मोटर लावण्यास मनाई नाही, आणि गारांचा मारा सुरू होण्याआधी मुलांना आत घेणे मला आवश्यक वाटते. एक शंका उरते. छत पूर्ण खाली आल्यावर हँडल आणखी फिरवले तर केबल सैल पडते, असे ऐकले आहे. ते कसे ओळखावे?

हुरॉनकाठ

मधल्या टप्प्याबद्दल आपले मतभेद राहतील, आणि आपण तो विचारपूर्वक घेत आहात हे मला दिसते.

आपल्या शंकेचे उत्तर असे. छत चौकटीवर टेकले की ड्रमला ओढणारा भार संपतो. त्यानंतर हँडल फिरवत राहिल्यास केबल ड्रमवर सैल पडते, वेटोळी एकमेकांवर चढतात, आणि पुढच्या वेळी चढवताना ती दबून केबलचे धागे तुटू लागतात. उतरवताना हँडलला जो सारखा, मध्यम जोर लागतो, तो छत टेकताच बदलतो. तो बदल जाणवताच थांबावे. शक्य असेल तर दुसऱ्या माणसाला मागच्या कोपऱ्याशी उभे करावे. छत मध्येच एखाद्या कोपऱ्यात अडकले आणि खाली येईनासे झाले, तर हँडल पुढे मुळीच फिरवू नये, कारण सैल केबलवर थांबलेले छत अडथळा सुटताच धाडकन खाली येते. अशा वेळी हँडल चढवण्याच्या दिशेने फिरवून केबल पुन्हा ताणावी, छत थोडे वर घ्यावे, खांब पुसून त्यावर कोरडे वंगण फवारावे आणि मग सावकाश उतरवावे. कॅनव्हास आत खोचण्यासाठी छताखाली हात घालायचा असेल, तर त्या वेळी हँडलजवळ दुसऱ्या कोणालाही थांबू देऊ नये.